सुतारशाळेत अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक
(महोत्सवानिमित्त सुतारशाळेत झालेले भाषण)



मास्तराला बोलावयास उभे केले म्हणजे तो उपदेश करणार, हे ठरलेलेच. तो मी करणारच आहे. पण आधी माझी एक चूक कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अॅक्रिलिकची पेटी करावयाची होती. प्लायवुड कापण्याची गोल करवत हाताशी होती. जी लाकूड कापते ती प्लास्टिक का कापणार नाही, असे म्हणून मी तक्ता पुढे सरकवला. निम्मा कापून होतो तोच वितळलेला कीस पात्याला चिकटला, तक्ता अडकून तडकला आणि त्याचा तुकडा शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या भुवईला लागला. डोळा बोटभर अंतराने वाचला. चष्मा मी घातला होता. मुलाला दिला नव्हता.

आज हे सांगण्याचे कारण असे. आपल्याकडे लाकडी खिडक्यांची कामे कमी झाली, अॅल्युमिनियमची वाढली. नवी यंत्रे घेण्याइतका पैसा संस्थेपाशी नाही. तेव्हा आहे त्याच करवतींवर मुलांनी अॅल्युमिनियम कापावे काय, असा प्रश्न विश्वस्तांनी मला विचारला. माझे उत्तर असे: खुशाल कापावे, मात्र पाते बदलावे आणि हाताची सवयही बदलावी.

अॅल्युमिनियम पोलादापेक्षा पुष्कळ मऊ आहे आणि चांगल्या पात्याच्या दातांना बसवलेले टंगस्टन कार्बाइड फार कठीण असते, म्हणून हे काम होते. पण मऊ धातू दाताला चिकटतो. लाकडाच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात. ते धातूचा माल आपल्याकडे ओढतात. म्हणून सरळ किंवा किंचित मागे झुकलेल्या दातांचे पाते घ्यावे. 10 इंची पात्याला 80 च्या आसपास दात असावेत. पात्याला मेण लावावे. माल शिकंज्यात घट्ट आवळावा, नुसत्या हाताने धरू नये. पातळ पत्रा प्लायवुडच्या दोन तुकड्यांमध्ये धरून कापावा. लोखंड मात्र या करवतीवर कधीही लावू नये. दात तुटतात आणि ठिणग्या भुशात पडतात.

प्लास्टिकचे दुखणे उष्णतेचे. अॅल्युमिनियम वितळण्यास 660 अंश सेल्सियस लागतात. अॅक्रिलिक 100 अंशांच्या सुमारासच मऊ पडते. म्हणून कापताना रेंगाळू नये आणि रेटूही नये. कीस सुटा पडला तर चाल बरोबर आहे. चिकटू लागला तर काम थांबवावे. तक्त्यावरील संरक्षक कागद कापून होईपर्यंत राहू द्यावा. पीव्हीसी जळाले तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. तसा वास येताच यंत्र बंद करून बाहेर यावे.

आणखी एक. लाकडाचा भुसा आणि अॅल्युमिनियमची बारीक पूड एकत्र साठू देऊ नये. तीत आग भडकू शकते. धातूला हात घालण्यापूर्वी भुशाची पिशवी रिकामी करावी. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, सैल बाह्या, ओढणी नसावी.

सभासदांस विनंती एवढीच की, देणगीतून प्रथम पाती, शिकंजे आणि चष्मे घ्यावेत. चष्मे मुलांच्या संख्येपेक्षा दोन अधिक असावेत: एक मास्तरासाठी आणि एक काम पाहावयास आलेल्या पाहुण्यासाठी.

तो विद्यार्थी आता मोठा झाला आहे. रस्त्यात भेटला म्हणजे आदराने सलाम करतो. सलाम घेताना माझी नजर आधी त्याच्या भुवईवरील व्रणाकडे जाते. असा व्रण आपल्या सुतारशाळेतील एकाही मुलाला देण्याची वेळ आपणांवर न येवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.