पोराच्या शिक्षणाचाही हिशेब मांडा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण इथे जमतो तेव्हा कपाशीचा एकरी खर्च काढतो. नांगरटी, बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी, वेचणी, एकेक रुपया मांडतो. ज्वारीचा कडबासुद्धा हिशेबात धरतो. पण घरातल्या एका मोठ्या खर्चाचा हिशेब आपण कधीच मांडत नाही. तो खर्च म्हणजे पोरांचे शिक्षण. आज तो मांडायचा आहे, आणि सुरुवात आम्ही आमच्याच घरापासून करतो.

आम्हाला दोन मुलगे. थोरला अभ्यासात बरा. तो बी. ए. झाला, बी. एड. झाला. एका शाळेच्या संस्थाचालकाने जागा आहे म्हणून सांगितले आणि पैसे मागितले. आम्ही नाल्याकाठची दोन एकर काळी जमीन विकली आणि पैसे नेऊन दिले. पावती मिळाली नाही, मागायची हिंमतही झाली नाही. पोराने सहा वर्षे बिनपगारी शिकवले. जागेला मान्यता आलीच नाही. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, तीही त्याने दिली. मग पोलीस भरतीसाठी पळायला लागला, तोवर वय निघून गेले. आज तो अडतीस वर्षांचा आहे आणि आमच्याबरोबर डवरा हाकतो. डवरा हाकण्यात कमीपणा नाही. पण तो गावातल्या लग्नाला जात नाही, कारण तिथे कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, सध्या कुठे आहात?"

धाकट्याला दहावीला अठ्ठेचाळीस टक्के पडले. तो म्हणाला, "आबा, मला आयटीआयला घाला." आम्ही त्याला काय म्हणालो? "लोहाराचा भाता ओढायला शाळा शिकला काय?" हे वाक्य आज आम्ही मान खाली घालून सांगतो. त्यात पोराचा अपमान होता आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले नांगर-वखर सांधले त्यांचाही होता. शेवटी त्याच्या आईने दोन बकऱ्या विकून त्याचे नाव घातले.

दोन वर्षे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, एक वर्ष शिकाऊ उमेदवारी. नंतर कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. सात महिने झाले की घरी बसवायचे, असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा तो गेला नाही. तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रीजवळ बसून मोटार भरायला शिकला आणि फाट्यावर दुकान टाकले. तो श्रीमंत झाला असे आम्ही म्हणत नाही. निम्मे पैसे कापूस विकेपर्यंत उधारीत पडलेले असतात, पावसाळ्यात दुकान थंड असते. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा आमच्या घरचा किराणा त्या दुकानातून आला. हे आम्हाला विसरता येत नाही.

एकाच दाराशी रांग

बी. ए. होणे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाला पुस्तकाची ओढ आहे, त्याला पोटाला चिमटा घेऊन शिकवा. आमचे म्हणणे एवढेच की सगळ्या गावाने एकाच दाराशी रांग लावू नये. २०२४ सालच्या पोलीस भरतीचे उदाहरण घ्या. जागा होत्या सुमारे साडेसतरा हजार आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. शंभरात एक. कपाशीचे शंभर दाणे टोबून एकच उगवले, तर ते बियाणे आपण पुढच्या साली घेऊ काय?

आणि इकडे आपल्या भागाकडे बघा. थ्री फेजची मोटार एक फेज गेल्यावर उरलेल्या दोनवर जोर घेते, तापते आणि वाइंडिंग जळते. ती भरायला तालुक्याला न्यायची, तोवर हरभरा वाळतो. फवारणी पंप, मळणी यंत्र, ट्रॅक्टर, आता सौर पंपही आले. कोरडवाहू गावातही यंत्रे आली, ती दुरुस्त करणारे हात आले नाहीत. एक क्विंटल कापसातून तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. ही रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये आपले पोर हमाल म्हणून जाते. फिटर म्हणून किती जातात? जिनिंगचे शिक्षण देणारे केंद्र तर नागपुरातच आहे.

त्यांना पेन आणि आम्हाला पान्हा?

एक प्रश्न मागच्या बैठकीत आला होता आणि तो खरा आहे. शहरातल्यांच्या पोरांनी डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे आणि आमच्या पोरांनी पान्हाच धरायचा काय?

आमचे उत्तर असे. कोणी सक्ती करत असेल तर ती मोडून काढा. पण हाताच्या कामाला हलके समजणे ही आपली रीत नव्हे, ती आपल्यावर लादली गेली. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी मागणी केली की खेड्यातला शिक्षक शेतकऱ्याच्या वर्गातलाच असावा आणि नांगराचे रुमणे किंवा सुताराचे हत्यार धरायची त्याला लाज नसावी. १९३७ साली आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या दुष्काळी गावात डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती करत करत शिकली. म्हणजे वाट जुनी आहे, चालणारे कमी.

दुसरे असे की हे दार पुढे बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला तंत्रनिकेतनच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तिथून पदविका घेऊन इंजिनिअरिंगलाही जाता येते.

नाव घालण्याआधी

आयटीआयची योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. बहुतेकांना दहावी पास लागते, थोड्यांना आठवीही चालते. सरकारी आयटीआयची फी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असते. पण आंधळेपणाने नाव घालू नका. बियाण्याची पिशवी उलटसुलट करून बघता, तसे हेही बघा.

स्वतः जाऊन कार्यशाळेत उभे राहा. लेथ चालू आहे की धूळ खात आहे? त्या ट्रेडला निदेशक आहे की जागा रिकामी? ट्रेडला राष्ट्रीय प्रमाणपत्राची मान्यता आहे की नुसती पाटी? आधीच्या दोन वर्षांतली पोरे कुठे लागली, हे त्यांच्याच तोंडून ऐका. शिकाऊ उमेदवारीला १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतन द्यावेच लागते, हेही पोराला सांगून ठेवा. शिकाऊ म्हणून घ्यायचे आणि झाडू मारायला लावायचे, असेही घडते. तिथे गप्प बसू नका.

आणि मायबहिणींनो, पोरींचे नाव फक्त शिवणकामाला घालू नका. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात. पोरगी शेतातली स्टार्टरची पेटी उघडू शकते, तर मीटरची जोडणीही करू शकते.

सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे पोराला विचारा. आम्ही थोरल्याला कधी विचारले नाही आणि धाकट्याचे ऐकले नाही. दोन्ही वेळा चूक आमचीच होती.

ज्यांच्या घरी यंदा दहावीचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या अंगाला यावे. आमचे दोन्ही मुलगे तिथे बसले आहेत. धाकटा ट्रेडची माहिती देईल. थोरला प्रवेशाचे अर्ज भरून देईल, त्याचे अक्षर चांगले आहे. दोघांशीही बोला आणि मग ठरवा.