लेथचे सॅडल अडले असता
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्यातील काही कुटुंबांचा चरितार्थ एखाद्याच लहान लेथवर अवलंबून असतो. तो चार दिवस बंद पडला तर हातची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ऑटो फीड न लागणे, अथवा लागूनही सॅडल धक्के खात चालणे. अशा वेळी एप्रन उघडण्याची घाई होते. त्यापूर्वी काय पाहावे, तेवढेच मी सांगणार आहे. मी इंजिनियर नव्हे, मॅट्रिक झालेला शिक्षक; परंतु निवृत्तीनंतर पुतण्याच्या कारखान्यात बसून हा विषय जवळून पाहिला. गणित चुकले असता पाटी पुसू नये, कोणत्या पायरीवर चुकले ते शोधावे, असे मी वर्गात सांगत असे. येथेही तीच रीत उपयोगी पडते.

प्रथम मेन स्विच बंद करावा. सॅडलचा लॉक-बोल्ट आवळलेला राहिला नाही ना, ते पाहावे. तो तसाच राहून फुकट गेलेले दिवस थोडे नाहीत! नंतर हाफ-नट उघडून हातचाकाने सॅडल बेडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न्यावे. हाताला जड लागले तर दोष सरकण्याच्या वाटेत आहे. हलके चालले तर दोष गती आणणाऱ्या साखळीत आहे. या एका परीक्षेने निम्मे काम होते.

पुतण्याच्या लेथचे सॅडल चकपाशी सुरळीत चाले आणि टेलस्टॉककडे नेताना अडे. कारण असे की, लहान कामे सदैव चकपाशी होतात आणि बेड तेथेच झिजतो. झिजलेल्या जागी जिब आवळून खेळ काढला की न झिजलेल्या टोकाला सॅडल घट्ट बसते. म्हणून जिब टेलस्टॉककडील बाजूस बेताने बसवावी आणि चकपाशी उरलेला किंचित खेळ सोसावा. बेड ग्राइंड करविणे हाच खरा उपाय, पण त्याचा खर्च सर्वांना पेलणारा नसतो. किस काढण्यास ब्रश वापरावा. हवेच्या झोताने तो सॅडलखाली आणखी आत शिरतो.

आता साखळीकडे वळू. लीडस्क्रूवर खडूची रेघ ओढावी, फीडचा दांडा लावावा आणि चक हाताने फिरवावा. रेघ जागची हलली नाही तर चेंज गिअरांचे दाते एकमेकांत बसले आहेत का, चावी निसटली आहे का, उलटसुलट गतीचा दांडा मधल्या खाचेत आहे का, हे तपासावे. दात्यांमध्ये वहीचा कागद धरून गिअर बसविले की योग्य फट राहते. काही लेथवर मऊ धातूची पिन असते. अडकण झाली की ती स्वतः तुटून गिअर वाचविते. तिच्या जागी कठीण पोलादी खिळा घालणारे महाभाग आहेत. त्यांची पिन तुटत नाही, ओतीव लोखंडाचे दाते तुटतात.

लीडस्क्रू फिरतो आणि सॅडल थांबते, असे असेल तर हाफ-नट पाहावा. त्याच्या आट्यांत किस दडपून बसतो आणि तो पूर्ण मिटत नाही. ज्या लेथवर फीडचा दांडा वेगळा आहे, तेथे फीड लागलेले असता हाफ-नट मिटूच नये अशी आडकाठी मुद्दाम ठेवलेली असते. तो मोडला असे समजून हातोडा मारू नये.

साफ करूनही नट आट्यांवरून उडी मारत असेल तर तो झिजला. नट सहसा स्क्रूपेक्षा मऊ धातूचा असल्याने तोच आधी जातो. नवा करविताना आट्यांचे माप जुन्या नटावरून घेऊ नये. लीडस्क्रूच्या टेलस्टॉककडील न झिजलेल्या टोकावरून घ्यावे.