हुरडा पर्यटनाच्या प्रसिद्धीसाठी हॅशटॅगचा वापर
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातील बरेच शेतकरी अलीकडे धान्य व कडबा यांच्या जोडीला हुरड्यातूनही उत्पन्न मिळवू लागले आहेत. शहरातील कुटुंबे मळ्यावर येतात, आगटीभोवती बसून गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही खातात, बैलगाडीत बसतात आणि संध्याकाळी परत जातात. 'फुले उत्तरा', 'फुले मधुर', 'परभणी वसंत' यांसारखे खास हुरड्याचे वाण आणि सुरती, गूळभेंडी यांसारखे आपले स्थानिक वाण यांविषयी या अंकांतून वेळोवेळी माहिती दिली जाते. आज मात्र मी लागवडीविषयी बोलणार नाही. पाहुणा आपल्या मळ्यापर्यंत पोहोचतो कसा, एवढ्यापुरताच आजचा विषय आहे.

या धंद्यातील खरी अडचण आपण जाणताच. फुलोऱ्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी दाणा दुधाळ अवस्था ओलांडतो, पण हिरवा आणि मऊ असतो. तोच हुरडा. ही अवस्था जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकते. तेवढ्या दिवसांत पाहुणे आले नाहीत तर दाणा कडक होतो, आणि मांडव, आगट्या, स्वयंपाकाच्या बायकांची मजुरी यांवर केलेला खर्च अंगावर पडतो. म्हणून अनेक जण मध्यस्थावर अवलंबून राहतात. मध्यस्थ गाड्या भरून पाहुणे आणतो खरा, पण माणशी दरातला मोठा वाटाही तोच नेतो. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांवर आपण स्वतः प्रसिद्धी केली तर हे परावलंबन कमी होते. यात हॅशटॅगचा उपयोग नेमका कोठे होतो आणि कोठे होत नाही, ते पाहू.

हॅशटॅग म्हणजे काय?

टोल-फ्री नंबरला फोन लावला की 'हॅश दाबा' असे सांगतात, ते दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचे चिन्ह आपल्या परिचयाचे आहे. हे चिन्ह शब्दाला चिकटून पुढे लावले की तो शब्द निळा होतो. त्यावर टिचकी मारली असता तोच शब्द लावलेल्या इतरांच्या पोस्टही समोर येतात. ख्रिस मेसिना यांनी 2007 च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर एकाच विषयाच्या गप्पा एकत्र शोधता याव्यात म्हणून ही सूचना केली होती. इन्स्टाग्रामवर ही सोय 2011 मध्ये आणि फेसबुकवर 2013 मध्ये आली.

बियाण्याच्या पिशवीला जसे लेबल असते तसेच हे आहे, असे समजावे. लेबलावर नुसते 'बियाणे' असे छापले तर कोणी पिशवी उचलणार नाही. पीक, वाण, तपासणीची तारीख हे सर्व पाहूनच आपण पैसे देतो. पर्यटकही तसाच आहे. '#निसर्ग', '#प्रवास', '#भारत' असे मोठे शब्द लावून आपला फोटो लक्षावधी फोटोंच्या ढिगात जातो आणि काही मिनिटांत खाली दबतो. याउलट '#हुरडा', '#हुरडापार्टीपुणे', '#शिरूर' हे शब्द पाहणारे लोक थोडे असतील, परंतु त्यांत येत्या रविवारी कोठे जावे हे ठरवणारे असतात. आपल्याला तेच हवे आहेत.

येथे एक गोष्ट पुष्कळदा सुटते. आपण हौसेने आपल्या गावाचे नाव लावतो, पण पुण्या-मुंबईच्या माणसाला ते गाव ठाऊकच नसते. तो 'पुण्याजवळ हुरडा' असे शोधतो. तेव्हा पाहुणा ज्या शहरातून यावा असे वाटते त्या शहराचे नाव एका हॅशटॅगमध्ये असावेच, आणि दुसऱ्यात तालुक्याचे. तिसरा शब्द हंगामाचा, म्हणजे हुरडा, आणि चौथा आपल्या मळ्याचा. समजा मळ्याचे नाव चिंचमळा आहे. नुसते '#चिंचमळा' घेण्याआधी ते शोधून पाहावे. दुसऱ्या कोणाचे मंगल कार्यालय त्याच नावाचे असेल तर '#चिंचमळाहुरडा' असे वेगळे नाव घ्यावे आणि मग दरवर्षी तेच ठेवावे.

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही. '#हुरडा पार्टी' असे लिहिले तर फक्त 'हुरडा' एवढाच शब्द निळा होतो. स्वल्पविराम किंवा टिंब आले तरी शब्द तेथेच तुटतो. देवनागरी हॅशटॅग चालतात, मात्र पोस्ट केल्यावर एकदा टिचकी मारून पूर्ण शब्द निळा झाला आहे ना, काना-मात्रेपाशी तुटला नाही ना, याची खात्री करावी. शहरातील तरुण मंडळी मराठी शब्दसुद्धा रोमन लिपीत टाइप करतात आणि त्यांची स्पेलिंगे नाना तऱ्हांची असतात. शोधाच्या चौकटीत पहिली तीन-चार अक्षरे टाकावीत, कोणते स्पेलिंग अधिक वापरात आहे ते तेथेच दिसते. एक देवनागरीतील आणि एक रोमन लिपीतील असे दोन्ही ठेवणे बरे.

किती लावावेत? इन्स्टाग्रामवर पूर्वी तीस-तीस हॅशटॅगची माळ लावण्याची पद्धत होती. तिचे दिवस आता गेले. तीन ते पाच नेमके शब्द पुरतात. यूट्यूबवर तर साठाहून अधिक हॅशटॅग दिल्यास एकही विचारात घेतला जात नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही हॅशटॅगमुळे पोस्ट फार मोठ्या प्रमाणावर पसरते असे नाही, हे अनेकदा सांगितले आहे. माझेही मत तेच आहे. खताची मात्रा दुप्पट केली म्हणून उत्पादन दुप्पट होत नाही, तसेच हे. फोटोखालच्या मजकुरात गाव, शहरापासूनचे अंतर, दर, तारखा आणि फोन नंबर साध्या मराठीत लिहिलेले नसतील तर हॅशटॅग काहीही करू शकत नाही. आपले खाते खासगी ठेवले असेल तरीही अनोळखी माणसाला पोस्ट दिसणार नाही, ते सार्वजनिक करावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात हॅशटॅग टाकून उपयोग नाही. तेथे नातेवाइकांना फोटो आणि तारीख पाठवली की पुरे.

पिकाच्या अवस्थेनुसार पोस्ट

प्रसिद्धीचे वेळापत्रक पेरणीच्या वेळापत्रकावरून काढावे, असा माझा आग्रह आहे. समजा चाळीस गुंठे हुरड्यासाठी राखले आहेत. ते एकदम न पेरता दहा-दहा गुंठ्यांचे चार टप्पे, दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरले तर सुमारे चाळीस दिवस ताजा हुरडा मिळू शकतो. आता पहिला टप्पा पोटरीत असताना पहिली छोटी चित्रफीत टाकावी. कणीस बाहेर पडले की दुसरी. फुलोरा दिसताच पुढील तीन आठवड्यांनंतरच्या तारखा जाहीर करून आगाऊ नोंदणी सुरू करावी. आगटी पेटल्यावर जाहिरात सुरू करणारा शेतकरी उशीर करतो, कारण शहरातील कुटुंब रविवारचा बेत आठवडाभर आधीच ठरवते. थंडीने पीक मागे राहिले तर तेही स्पष्ट लिहावे. पाहुणे रागावत नाहीत, उलट शेती अशीच असते हे त्यांना कळते.

सर्वांत चांगली प्रसिद्धी पाहुणेच करतात. आगटीजवळ आणि फाटकाशी आपल्या मळ्याचा हॅशटॅग मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी लावावी. पाहुणे फोटो काढतातच, त्याखाली तो शब्द आला की त्यांचे मित्र आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांचे फोटो आपण वापरायचे झाल्यास आधी विचारावे, विशेषतः मुलांचे. कणसे चोळून देणाऱ्या आपल्या घरच्या व मजूर बायकांनाही विचारावे. हे आपण सहसा विसरतो.

लेबल खरे असावे. प्रमाणीकरण नसताना '#सेंद्रिय' लावू नये. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणून दुसऱ्या भागातील ज्वारीला ते नाव चिकटवणे योग्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. कृषी पर्यटन धोरण राज्य शासनाने 2020 मध्ये आणले असून त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी झाली असल्यास तसे खात्यावर लिहावे; अनोळखी कुटुंबाला त्याने धीर येतो.

गर्दीचाही विचार करावा. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून द्यावी लागली. दहा गुंठ्यांचा हुरडा आणि दोन आगट्या यांवर किती माणसे नीट जेवतील हे आधी ठरवावे आणि तेवढी नोंदणी झाली की 'रविवार भरला' अशी पोस्ट टाकावी.

ही मेहनत लागू पडते की नाही, हे वहीतच कळेल. फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'आपण आमच्याविषयी कोठे पाहिलेत?' असे विचारून उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. एका आठवड्यात शहराचे नाव असलेला हॅशटॅग, दुसऱ्यात तालुक्याचा, असा एकच बदल एका वेळी करावा, जसे आपण प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये करतो. लाइक किती आले याची नोंद नको. किती गाड्या फाटकातून आत आल्या तेवढी पुरे.

शेवटच्या टप्प्यातील दाणा भरला की त्याच दिवशी सर्व चालू पोस्टवर 'यंदाचा हुरडा संपला' असे लिहावे. नाहीतर संक्रांतीची चित्रफीत पाहून होळीला गाडी फाटकाशी उभी राहते. उरलेली कणसे धान्यासाठी पक्व होऊ द्यावीत, आणि पुढच्या हंगामासाठी ज्यांनी नाव-नंबर दिले आहेत त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवावी.