वाढत्या मुलाचें वजन

प्रवरेच्या तीरीं, नगर-मनमाड रस्त्यावर, भगवतीच्या देवळाचें कोल्हार गांव आहे. भोंवतीं ऊस, जवळच प्रवरानगरचा साखर कारखाना. १९७२ चा दुष्काळ जिनें पाहिला, त्या आजीला नातवाच्या गुटगुटीत अंगांत भाग्यच दिसावें, यांत नवल नाहीं. परंतु दहा-अकरा वर्षांच्या मुलाचें वजन उंचीच्या मानानें फार वाढलें, तर धांवतांना धाप लागते आणि पुढें मधुमेहाचें भय वाढतें.

मग घाबरून त्यास उपाशी ठेवणें हा दुसरा अविचार. या वयांत उंची वाढावयाची असते. पुष्कळदां वजन उतरवावें लागतच नाहीं, तें नुसतें थोपविलें कीं उंची त्यास गांठते. किती थोपवावयाचें, हें डॉक्टरांनीं वाढीचा तक्ता पाहून सांगावें, शेजारपाजाऱ्यांनीं नव्हे.

बाजरीची भाकरी, डाळ, मेथी, अंडें, राहात्याचा पेरू हें त्याला भूक भागेपर्यंत मिळावें. कमी करावयाचें तें बाटलींतलें गोड पेय. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आंत ठेवण्यास सांगितलें. तितकी तर अशा एका लहान बाटलींतच बहुधा भरते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें दमदार हालचाल सांगते. त्यास व्यायामशाळा नको. हुतूतू, सायकल पुरे. रात्रीं मोबाईल वडिलांनीं आधीं दूर ठेवला, तर मुलगाही वेळेवर निजेल.

त्यास जाड्या म्हणून कोणी हांक मारूं नये, ताटही वेगळें वाढूं नये. चहांतील साखर घरांत सर्वांचीच कमी व्हावी, आजीचीसुद्धां.