तीनशे रुपयांची थैली



एग्मोरहून जवळच, सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचे स्मारक आहे. तंजावरच्या सरफोजी राजांना हे पितृतुल्य होते. १७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांनी त्यांना शांततेचा निरोप देऊन श्रीरंगपट्टणास हैदर अलींकडे धाडले. परतताना हैदरने वाटखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती मद्रास सरकारपुढे ठेवली आणि सरकारच्या संमतीने ते द्रव्य तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावले.

पुढल्याच वर्षी युद्ध पेटले. दौत्य निष्फळ ठरले. तरीही या पाद्र्यास कोणी उपद्रव देऊ नये, अशी ताकीद हैदरने आपल्या सरदारांना दिली. दोघेही आपापल्या धर्मावर ठाम होते. विश्वास जडला तो निर्लोभ, नम्र आचरणावर.

पालकहो, मुलांना आपली प्रार्थना अवश्य शिकवावी. त्याबरोबरच, वेगळी प्रार्थना करणाऱ्या शेजाऱ्यानेही ज्यावर निःशंक विसंबावे, असा शब्द पाळण्याची सवय त्यांना लावावी. शाळेच्या हीरक महोत्सवास याहून मोलाचा अहेर कोणता?