एक इंजिन बंद पडलं तर?



मी बाळकुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, तेव्हा आमच्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "लेकीला सांगते, तिकीट रद्द कर." लेक बंगळूरला, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. मावशी विमानात कधी बसलेल्या नाहीत. त्यातच त्यांनी टीव्हीवर ऐकलं, की मुंबईहून बंगळूरला निघालेल्या विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं.

बातमी खरी आहे. १९ मे २०२२ ची. पण अर्धीच आपल्या लक्षात राहते. ते विमान २७ मिनिटांत मुंबईला सुखरूप परत उतरलं आणि प्रवाशांना दुसऱ्या विमानानं बंगळूरला पाठवलं.

बरोबर एका महिन्यानं, १९ जूनला, पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या डाव्या इंजिनावर पक्षी आदळला. खालच्या लोकांना आग दिसली. आत १८५ प्रवासी. कॅप्टन होत्या मोनिका खन्ना. त्यांनी ते इंजिन बंद केलं, विमान वळवलं आणि पाटण्यालाच उतरवलं. कुणाला काही झालं नाही.

हे कसं जमतं? दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावरही उडून उतरू शकेल, असंच बांधलेलं असतं. वैमानिकांकडून याचा सराव जमिनीवरच्या नकली विमानात पुन्हा पुन्हा करून घेतात. त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी विमान सांभाळायचं, मग कुठे उतरायचं ते ठरवायचं, मग विमानतळाशी बोलायचं. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर आपणही आधी गॅस बंद करतो, शेजारणीला हाक नंतर. तसंच हे.

धोका अजिबात नसतो, असं मी म्हणणार नाही. म्हणून आपलं कामही माहीत हवं. बसल्यावर पट्टा लावा. पुढचा आणि मागचा दरवाजा आपल्यापासून किती रांगांवर आहे, ते मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, तेव्हा हात लावून मोजता येतं. कर्मचारी सूचना देतात तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा. भाषा कळली नाही तर लाजू नका, पुन्हा विचारा. आणि बाहेर पडायची वेळ आलीच, तर पिशवी तिथेच सोडा. अर्धे दरवाजे बंद असले तरी ९० सेकंदांत विमान रिकामं व्हायला हवं, असा नियम आहे. वरची बॅग काढणारा एक माणूस मागच्या सगळ्यांची वाट अडवतो.

मावशींनी विचारलं, "डिंकाचे लाडू पण सोडायचे?" सगळ्या हसल्या. म्हटलं, हो मावशी, लाडू पण!

मावशी गेल्या. परवा बंगळूरहून फोन आला, नात झाली. म्हणाल्या, "दरवाजा पाचव्या रांगेवर होता गं. लाडू सुखरूप पोचले."

भीती वाटली तर विचारा, मैत्रिणींनो. आधी माहिती घ्या, मग ठरवा. नमस्कार.