गुडघ्याचे दुखणे आणि मांडीचे बळ



रोज पर्वती चढणाऱ्या कितीतरी जणी गुडघा दुखताच फिरणेच सोडतात. ‘झिजला असेल,’ हे निदान, तेही शेजारणीचे! मी व्यायामोपचार करते. अशा पुष्कळ जणींचे दुखणे मला वाटीभोवतीचे आढळते. जिना उतरताना देहाचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूला तोलावा लागतो. तो दुबळा असला की वाटीवर ताण वाढतो, आणि नुसत्या विश्रांतीने तो आणखीच दुबळा होतो.

उताणे निजावे. एक गुडघा दुमडून दुसरा पाय ताठ ठेवावा. मांडी आवळून तो वीतभर उचलावा, ५ अंक मोजून सावकाश खाली आणावा. असे १० वेळा. थोडे थांबून पुन्हा, एकूण तीनदा. मग कुशीवर वळून वरचा पाय ताठ उचलावा. हा व्यायाम बहुतेक जणी टाळतात. ‘गुडघ्याचा नि कंबरेचा काय संबंध?’ म्हणतात. अहो, आहे ना! नितंबाच्या बाजूचे स्नायू अशक्त असले की पायरी उतरताना गुडघा आत कलतो.

व्यायामात थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले तर संख्या कमी करावी. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि आपला नेम तर पहिल्याच सणाला मोडतो! गुडघा सुजला, अडकला किंवा पायावर भार देववेना, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्यांनी पर्वती सोडू नये. तूर्त निम्म्या पायऱ्या चढाव्यात, आणि उतरताना घाई करू नये.